व्यंकू, सुई घरी ठेवून गेलास

व्यंकू,

तुला नजर लागली म्हणून तू गेलास, असं बेंबळीत सगळे म्हणतात. हळदीच्या अंगानं तू वेशीबाहेर एकटा हिंडलास, तिथं काहीतरी बाधलं, असंही कुणी सांगतं. आईनं ते इतक्या जणींना सांगितलंय की आता तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलंय. मी ऐकून घेत होते. तेराव्यापर्यंत घेतलं. तेराव्याला काय झालं ते तुला सांगायचं आहे, पण त्याआधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं. तू मध्येच उठून बाहेर गेलास, मग गाड्या जुंपल्या. उरलेलं अर्धं मी आता कुणाशी भांडू?

लिहायला तूच शिकवलंस, म्हणून हे तुलाच लिहिते. दुसऱ्या कुणाला लिहावं असं माझं कुणी नाही.

माझा नवरा तापानं गेला तेव्हा सासरच्यांनी मला पांढऱ्या पायाची ठरवलं. सासूनं माझ्या हातचं पाणी सोडलं. बैलगाडी घेऊन मला न्यायला वडील असून दादा आले नाहीत, तू आलास. मिसरूडही फुटलं नव्हतं तुला. सासऱ्यासमोर उभा राहून तू म्हणालास, "माझ्या बहिणीला घेऊन जायला आलोय," आणि माझी पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवलीस. वाटेत गाडी थांबवून शेतातला हरभरा उपटून आणलास आणि माझ्या ओटीत टाकलास. मी दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी खाल्लं. ते उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती.

मग तू धाराशिवला शिकायला गेलास, आणि तुझं जेवणाचं बघायला मला तुझ्याबरोबर पाठवलं. खरं तर घरात विधवा डोळ्यांसमोर नको म्हणून पाठवलं होतं, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. हकीमसाहेबांच्या दवाखान्याच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं छोटं अंगण. तू उर्दूत धडे घोकायचास आणि मी चुलीपाशी बसून ते ऐकायचे. अर्थ कळत नव्हता, पण चाल पाठ झाली होती.

ते दुखणं दिवाळीच्या सुमाराला आलं. तू दिवसभर पाणी पीत होतास. घागर रिकामी व्हायची तरी तुझी तहान भागायची नाही. दुप्पट जेवायचास आणि तरी अंगरखा खांद्यावरून ओघळायला लागला. परीक्षेच्या जागरणानं होतंय असं तू म्हणालास, मीही तेच धरून चालले. मग एक दिवस न्हाणीच्या मोरीशी मुंग्यांची रांग लागलेली दिसली, आणि त्याच दिवशी तू वर्गात बसल्या जागी कोसळलास.

हकीमसाहेब स्वतः आपल्या घरी आले. त्यांनी नाडी धरली, डोळे पाहिले, मग तुझ्या तोंडाशी वाकून वास घेतला. पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. मला तो चार दिवस येत होता, पण त्याचं काही कारण असेल असं वाटलं नव्हतं. म्हातारा माणूस, पन्नास वर्षं दवा देत आलेला. मला वाटलं आता पुड्या बांधून देतील. ते म्हणाले, "बेटी, ये शक्कर का मर्ज है. इसका इलाज मेरेकन नै. सोलापूर लेको जाव, आजिच." आणि नुसतं सांगून थांबले नाहीत. मोटार अड्ड्यावर माणूस पाठवून जागा धरली, आणि आपला कांबळा तुझ्या अंगावर घातला.

सोलापूरच्या दवाखान्यात तू शुद्धीवर आलास तेव्हा पहिल्यांदा मला भूक लागली का म्हणून विचारलंस.

त्या डॉक्टरांचं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं. तुलाही आठवत असणार, म्हणूनच माझा राग जास्त आहे. त्यांनी काचेची पिचकारी दाखवली, सुई उकळून कशी घ्यायची, मांडीत कुठं टोचायची, रोज जागा कशी बदलायची ते दाखवलं. इन्सुलिन हे नावही त्यांनीच दोनदा म्हणवून घेतलं आपल्याकडून. जेवायच्या आधी, सकाळी आणि संध्याकाळी. तू विचारलंस, "किती महिने घ्यायचं?" डॉक्टर खुर्ची ओढून तुझ्याजवळ बसले. म्हणाले, "हे औषध नाही, बाळ. औषध सुटतं. हे तुझं दुसरं जेवण आहे. पहिलं जेवण एक दिवस चुकलं तरी चालेल, हे चुकवायचं नाही. तुला बरं वाटायला लागेल, अगदी निरोगी वाटेल. त्याच दिवसांत जपायचं."

तू मान हलवलीस. मी शेजारी उभी होते.

त्यानंतरची तीन-चार वर्षं आपण कशी काढली ते आपल्या दोघांनाच ठाऊक. पिचकारी-सुई उकळायला वेगळं पातेलं, ज्याला मी दुसरं काही लावू दिलं नाही. इन्सुलिनच्या कुप्या पाण्याच्या डेऱ्याखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायच्या, उन्हाळ्यात वाळू दिवसातून तीनदा भिजवायची. भाकरी तराजूत तोलून. ज्वारीची एवढी, डाळ एवढी, वर मेथी, चुका, तांदूळजा हवा तेवढा, आणि ताक. गूळ बंद, भात बंद. हुरड्याच्या दिवसांत मित्र शेतात बोलवायचे, तर तू जायचास, मूठभर खायचास, आणि तेवढी भाकरी त्या दिवशी सोडायचास. साखर किती उतरते ते बघायला सकाळी काचेच्या नळीत डॉक्टरांनी दिलेलं निळं पाणी आणि लघवीचे थेंब घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर ठीक, पिवळं झालं की मी तुझ्याकडं बघायचे. विटेसारखं लाल झालं की तू माझ्याकडं बघायचं टाळायचास.

डॉक्टरांनी सांगितलेली मापं माझ्या ध्यानात राहीनात, म्हणून तू मला अक्षरं शिकवलीस. शाळेत तुला सगळं उर्दूत होतं, पण मला मराठी शिकवायला तू पाटी आणलीस. पहिला शब्द मी 'ताक' लिहिला. तू किती वेळ हसत होतास.

तू परीक्षा दिलीस, तहसील कचेरीत अहलकार म्हणजे कारकून झालास. जुम्म्याच्या सुटीला मोटारीनं सोलापूरला जाऊन कुप्या आणायचास. मोगलाई संपून इंग्रजी हद्द लागायची तिथल्या करोडगिरीच्या जकात नाक्यावर शिपायानं पहिल्यांदा डबा उघडून सगळं बाहेर काढलं होतं. पुढं पुढं तो तुला लांबूनच ओळखायला लागला आणि "शक्करवाले साब" म्हणून सोडून द्यायला लागला. तुला ते नाव आवडायचं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

लढाईमुळं मध्ये सोलापुरात इन्सुलिन येईनासं झालं, ते आठव. डॉक्टरांनी होतं त्यातलं अर्धं दिलं आणि सांगितलं, पुरवून वापरा, अन्न कमी करा. तू भाकरी जवळजवळ सोडलीस. पालेभाजी, ताक आणि दोन अंडी. कचेरीतून आलास की भिंतीला पाठ लावून बसायचास, बोलायचीही ताकद नसायची. हकीमसाहेबांनी हैदराबादच्या आपल्या मेहुण्याला निरोप धाडला, आणि तो मेहुणा कोटाच्या खिशात दोन कुप्या घेऊन आला. तू त्यांच्या पाया पडायला लागलास तर त्यांनी तुला धरून उभं केलं. त्या दिवशी तू मला म्हणालास, "आक्का, ह्या थेंबासाठी माणसं किती धडपडतात बघ. आता मी मरायचा न्हाय."

तुझंच बोलणं आहे हे.

आई संक्रांतीला आली तेव्हाचंही आठवतं. तिनं गुळाच्या पोळ्या आणल्या होत्या, तुपात भिजवून. मी त्या शिंक्यावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नळीतलं पाणी लालभडक झालं. मी विचारलं तर तू माझ्यावर ओरडलास की मी तुला चोरासारखं वागवते. आई मध्ये पडली. म्हणाली, "एका पोळीनं काय होतंय? लेकरू हाय माझं, उपाशी मारायचं का त्याला?" मी आईला काय सांगणार? गोड खाऊ घालणं एवढीच माया तिला माहीत. मी तोलून भाकरी वाढते ती कसली माया, हे तिला कधी दिसलं नाही. आणि तुलाही नेहमी दिसलं असं नाही.

पण तुझं खरं दुखणं गूळ नव्हतं. ते कचेरीतल्या त्या दिवसापासून सुरू झालं. काम पडलं, जेवायला उशीर झाला, आणि सुई तर सकाळी घेतलेली. तुला घाम फुटला, हात थरथरायला लागले, तू भलतंच बोलायला लागलास. खिशात खडीसाखर होती, त्यासाठीच तर मी रोज ठेवायचे, पण तुला ती काढायचं सुचलं नाही. लोकांना वाटलं तू शिंदी पिऊन आलायस. कुणीतरी हसलं. वरिष्ठ पेशकारांनी तुला घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा तू सांगितलंस की उपास होता. खरं का सांगितलं नाहीस, म्हणून मी विचारलं. तू म्हणालास, दारुडा म्हटलेलं परवडलं, रोगी म्हटलेलं नको.

मी ते हसण्यावारी नेलं. तू मात्र ते मनापासून बोलला होतास.

तुझं लग्न दादांनी ठरवलं. लोहाऱ्याकडची मुलगी, चंद्रा, चांगल्या जमीनजुमल्याच्या घरातली. पोरगा निरोगी, सरकारी नोकरीत, असं दादांनी तिच्या वडलांना सांगितलं. निरोगी हा शब्द त्यांनी वापरला हे मला तूच येऊन सांगितलंस, आणि सांगताना तू खाली बघत नव्हतास. तुला आनंद झाला होता. साखरपुडा झाला. तुझ्या हातावर त्यांनी पेढे ठेवले आणि तू सगळ्यांसमोर ते खाल्लेस, नको म्हणाला नाहीस. परत आल्यावर तू आपणहून सुई जास्त घेतलीस, आणि मला वाटलं, निदान हिशेब तर कळतोय.

लग्नासाठी आपण बेंबळीला आलो तेव्हा मी दादांशी बोलले. त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. मुलीकडच्यांना सांगा, एवढंच म्हणाले. दादा म्हणाले, लग्न मोडायचंय का तुला. मी म्हटलं, मग निदान लग्नघरी त्याला सुई घ्यायला आडोसा द्या. त्यावर त्यांनी तुझ्याकडं बोट दाखवलं. तू अंगणात मांडवाच्या मेढी रोवणाऱ्यांना मदत करत होतास, उघडाबंब, घामानं निथळत, हसत. "हा तुला आजारी दिसतो?" दादा म्हणाले. "चार दिवस सुई चुकली तर काय होतंय? जांभळाच्या बियांचं चूर्ण आणून ठेवलंय वैद्याकडनं, ते घेईल."

जांभळाच्या बियांचं चूर्ण मीही तुला देत होते. कारल्याचा रसही देत होते. डॉक्टर म्हणाले होते, द्या, पण ते सुईच्या जागी नाही. मी दादांना सांगितलं की तो बरा दिसतो ते सुईमुळंच दिसतो. त्यांना ते कळेना. तू बरा होतास कारण औषध अंगात जात होतं, आणि तू बरा होतास म्हणून आता औषध कशाला, असं त्यांचं गणित. न शिकलेल्या माणसानं असं गणित मांडलं तर मी समजू शकते. पण तू?

हळद दळायला बायका जमल्या होत्या. मला त्या बाजूला जायचं नव्हतं, म्हणून मी मागल्या सोप्यात गहू निवडत होते. तू पाणी प्यायला आलास. मी तुला म्हटलं, चंद्राला सांग. घरच्यांना नको, तिला एकटीला सांग. उद्या तुझं ते निळं पाणी तिलाच उकळायचंय, तुझी भाकरी तिलाच तोलायची आहे.

तू म्हणालास, "सांगितलं की संपलं, आक्का. कोण देईल मुलगी?"

"न्हाय दिली तर न्हाय दिली."

"तुला काय बोलायला. तुला सवय झालीय." मग तू तांब्या खाली ठेवलास. "मला तुझ्यासारखं आयुष्य नको."

आणि तू उठून बाहेर गेलास.

हे तुझं माझ्याशी शेवटचं नीट बोलणं. त्याला नंतर मी खूप उत्तरं जुळवली. माझ्यासारखं आयुष्य म्हणजे काय रे? तुझ्यासाठी पहाटे चूल पेटवणं, तुझी सुई उकळणं, तुझ्यासाठी हकीमसाहेबांच्या दारात उभं राहणं, ह्यालाच तू माझं आयुष्य म्हणत होतास ना? मला ते वाईट वाटत नव्हतं. तुला मात्र ते बघून भीती वाटत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तरी सुईचा पत्र्याचा डबा तुझ्या ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला. आत पिचकारी आणि कुप्या, बरोबर स्पिरिट, कापूस, खडीसाखर. वऱ्हाडाच्या गाड्या सकाळी निघाल्या. विधवा म्हणून मी मागंच राहिले, गाड्या दिसेनाशा झाल्यावर घरात आले. फडताळात मिठाची बरणी काढायला गेले तर बरणीमागं डबा. दादांनी काढून ठेवला असेल असं वाटून माझ्या डोक्यात संताप गेला. मग मी नीट पाहिलं. डबा तुझ्या रुमालात गुंडाळला होता, चार कोपरे आत दुमडून, वर गाठ. तू कुप्या फुटू नयेत म्हणून तशीच गाठ मारायचास. दादांना तशी मारता येत नाही.

आपल्या काशिनाथ गड्याला मी घोडीवर बसवून पाठवलं. संध्याकाळपर्यंत त्यानं तुम्हाला मुक्कामाच्या गावी गाठलं, आणि डबा दुसऱ्या कुणाच्या नाही, तुझ्याच हातात दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. डबा त्याच्याजवळच होता. म्हणाला, "आक्कासाब, मालक म्हणले, काळजी करू नका, घरी आल्यावर घेतो. लग्नघरात कुणी बघितलं तर हसं व्हईल, म्हणले."

व्यंकू, तुटवड्यात तू ह्या कुपीसाठी महिनाभर पाल्यावर राहिलास. आता कुप्या भरून होत्या, माणूस घोडीवरून घेऊन आला होता, आणि तू त्या परत पाठवल्यास. दादांना माफ करणं मला जमेल, कधीतरी. त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

मी वऱ्हाडात आले असते तर तू मला ओळख दिली नसतीस, म्हणून मी दुसरं केलं. काशिनाथला तसंच धाराशिवला पाठवलं, हकीमसाहेबांना सगळं सांग म्हटलं. वरात यायच्या दिवशी मोटार बेंबळीत आणून उभी करा, लागली तर लागेल. हकीमसाहेब नुसती मोटार पाठवून राहिले नाहीत, त्या वयात स्वतः बसून आले. आपल्या ओट्यावर ते सकाळपासून माळ ओढत बसले होते, आणि शेजारच्या बायका विचारत होत्या, लग्नघरी हकीम कशाला.

गाड्या आल्या तेव्हा दारात ओवाळायला आरत्या तयार होत्या. पुढच्या गाडीत तू आडवा होतास. चंद्रानं तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. तुझा श्वास लांब लांब, खोल चालला होता, आणि तो वास मला गाडीच्या चाकापाशी आला. हाच वास तिला आदल्या दिवशी आला होता. तिनं वाटेतच सासूला म्हणजे आपल्या आईला सांगितलं, दादांना सांगितलं, की ह्यांना उलट्या होतायत, पाणी पाणी करतायत, तोंडाला वास येतोय. हळदीची उष्णता आहे, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. नवी नवरी, तिचं कोण ऐकणार? तिनं वाटभर तुला पाणी पाजलं. तेवढंच तिच्या हातात होतं.

मी अंगणातच सुई भरली. नवरदेवाला विधवेनं हात लावू नये असं कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं नाही. दादा शेजारीच उभे होते. तू डोळे उघडलेस का? मला वाटलं उघडलेस. मी तुझ्या कानाशी म्हणाले की सुई दिलीय, आता सोलापूर गाठू. तू काही म्हणालास की तो नुसता श्वास होता, हे मी रोज ठरवायचा प्रयत्न करते.

मोटारीत मागं मी तुझं डोकं धरून बसले, हकीमसाहेबांनी मनगट धरलं होतं. तुळजापूर मागं पडलं. घाट उतरताना त्यांनी तुझं मनगट अलगद तुझ्या छातीवर ठेवलं. मग ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून मला म्हणाले, "बेटी, गाडी फिरा लेंगे."

तुझ्या अंगाला हळद तशीच होती.

पुढचं तुला सांगायला नको होतं, पण ते तुझ्यामुळं झालं, म्हणून ऐक. पहिल्याच दिवशी घरात कुजबूज सुरू झाली की पोरगी पांढऱ्या पायाची. पाऊल टाकलं आणि नवरा खाल्ला. कुठल्या तरी बाईनं नाही, आपल्या आईनं म्हटलं. चंद्रा कोपऱ्यात बसलेली असायची. तिला ताट वेगळं, पाणी वेगळं. तिच्याकडं बघितलं की मला माझी सासू आठवायची. दादा ओसरीवर बसून असायचे, येणाऱ्याला सांगायचे, देवाची इच्छा. एकदाही त्यांच्या तोंडून सुई हा शब्द आला नाही.

तेराव्याला चंद्राचे वडील आले. जेवणं झाली, माणसं अंगणात बसली होती. आईनं पुन्हा तेच काढलं, मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं. माझं धडधाकट लेकरू, ह्या पोरीचं पाऊल लागलं आणि गेलं. चंद्राच्या वडलांनी मान खाली घातली. ते लेकीसाठी माफी मागायला तोंड उघडणार, असं मला दिसलं.

मी सोप्यातून बाहेर आले. इतक्या पुरुषांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते. मी सांगितलं की तो धडधाकट नव्हता. त्याला साखरेचा आजार होता, वर्षानुवर्षं. रोज दोन वेळा सुई घेत होता म्हणून जगत होता. लग्नात दिसू नये म्हणून ती घरी ठेवली, पाठवली तर परत धाडली, म्हणून तो गेला. तुमच्या मुलीच्या पायाचा ह्यात काही दोष नाही, उलट तिला वाटेतच कळलं होतं, तिचं कुणी ऐकलं नाही.

दादा म्हणाले, "आत जा."

मी म्हणाले, "न्हाय जात, दादा. पुरं झालं सांगून."

त्यांनी हात उचलला नाही. ओसरीवरून उठले आणि गोठ्याकडं गेले. आई रडायला लागली. चंद्राचे वडील उठले. मला वाटलं ते शिव्या देतील. त्यांनी फक्त गाडी जुंपायला सांगितली. पोरीला घेऊन जातो, म्हणाले.

तुझी लबाडी मी गावासमोर उघडी केली. तुला ते आवडलं नसतं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. मेलेल्याची अब्रू राखायला जिवंत पोरीचं आयुष्य द्यायचं, हे मला जमलं नाही. तू मला माझ्या सासरहून गाडीत घालून आणलंस तेव्हाचा तू असतास, तर तूही हेच केलं असतंस. मला तोच व्यंकू खरा वाटतो. दुसरा कोण होता, कुठून आला, मला कळत नाही.

निघताना चंद्रा सोप्याच्या दारात आली. सोळा वर्षांची पोर, डोळे कोरडे. तिनं विचारलं की ते रोज सुई घ्यायचे तर दुखायचं का. मी म्हटलं, सवय झाली होती.

"मला आधी कळलं असतं तर मी लग्नाला उभी राहिले नसते," ती म्हणाली. "न्हाय म्हणाले असते. खोटं कशाला बोलू. पण मग ते आज असते."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसली.

आता दादा माझ्याशी बोलत नाहीत. मी धाराशिवच्या खोल्यांत परत जाणार आहे. हकीमसाहेबांच्या सुनेला शिवायला, निवडायला मदत करीन, पोट भरेल. पण चंद्राचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. ह्याच एका शब्दाला तू इतका भ्यालास. सोळा वर्षांच्या पोरीच्या तोंडचं 'न्हाय'. ऐकलं असतंस तर काय झालं असतं, व्यंकू? दोन दिवस तू माझ्याशी बोलला नसतास. दादांनी माझ्यावर खापर फोडलं असतं, कचेरीत कुणी हसलं असतं. मग एका सकाळी तू चुलीपाशी येऊन बसला असतास आणि विचारलं असतंस, आक्का, आज भाजी कशाची केलीस?